कबुतर विसरले, की त्याला भूक नव्हती?



घोलवडच्या एखाद्या चिकूच्या वाडीत सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा. घरातली आजी ओंजळभर कणी घेऊन अंगणात येते आणि "ती... ती... ती..." अशी हाक घालते. त्याबरोबर झाडांच्या बुंध्यांमागून, कुंपणाखालून, गोठ्यातून कोंबड्या धावत सुटतात. ही हाक कोंबडीला जन्मतः कळत नाही. हाक आणि दाणे यांची सांगड ती अनुभवाने घालते. म्हणजेच हाकेला धावणे हे शिकलेले वर्तन आहे.

आता त्याच आजीने दुपारी दोन वाजता तशीच हाक घातली तर? एक-दोन कोंबड्या मान वर करून पाहतात. बाकीच्या सावलीत माती उकरत बसतात. सकाळचा धडा त्या सहा-सात तासांत विसरल्या काय? 'छे, त्यांचे पोट भरलेले आहे,' असे तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर. पण असे समजा, की एका आजारी कोंबडीला औषध पाजले आहे आणि तीही हाकेला आली नाही. तिला भूक नाही, ती गुंगीत आहे, की औषधामुळे हाकेचा अर्थच तिच्या डोक्यातून पुसला गेला आहे?

बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. कोंबडी आली नाही, एवढेच दिसते. शिकणे वेगळे आणि शिकलेले करून दाखवणे वेगळे. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दुसरीवरून तिचा अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज चुकू नये म्हणून शास्त्रज्ञांनी काय काय युक्त्या योजल्या, ते आज पाहू. त्यासाठी घोलवडच्या अंगणातून आपल्याला एका पेटीत डोकवावे लागेल. तिच्यात कोंबडीऐवजी कबुतर आहे.

पेटीतले कबुतर

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४-१९९०) यांनी प्राण्यांचे शिकणे मोजण्यासाठी एक साधी पेटी तयार केली. सुरुवातीला त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कबुतरांकडे वळले. कबुतर पाळायला सोपे, त्याची दृष्टी तीक्ष्ण, आयुष्य बरेच मोठे, आणि चोचीने टोचत राहण्याचा कंटाळा त्याला येत नाही.

पेटीच्या एका भिंतीवर कबुतराच्या चोचीच्या उंचीवर एक गोल चकती असते. तिच्यामागे दिवा असतो. चकतीखाली एक खिडकी असते. कबुतराने चकतीवर टोच मारली की दाण्यांचा डबा काही सेकंद खिडकीशी येतो. कबुतर दोन-चार दाणे टिपते. डबा पुन्हा खाली जातो. ज्या कृतीनंतर बक्षीस मिळते ती कृती वाढते, या क्रियेला 'प्रबलन' म्हणतात.

आणखी एक उपकरण या पेटीला जोडलेले असे. एका रुळावरून कागद ठरावीक वेगाने सरकतो. त्यावर एक लेखणी टेकलेली असते. कबुतराची प्रत्येक टोच लेखणीला एक बारीक पाऊल वर ढकलते. कबुतर भराभर टोचू लागले तर रेघ चढासारखी वर जाते. ते थांबले तर रेघ आडवी होते. म्हणजे पेटीत न डोकावताही कबुतर काय करत आहे ते कागदावर वाचता येते. हल्ली हे काम संगणक करतो.

भूक मोजायची कशी?

पेटीत टोच मारायला कबुतर भुकेले हवे. पण 'भुकेले' म्हणजे किती? 'काल रात्रीपासून उपाशी' एवढे सांगून भागत नाही. एक लठ्ठ कबुतर बारा तास सहज काढील, तर बारीक कबुतर तेवढ्यात कासावीस होईल. म्हणून शास्त्रज्ञांनी तासांऐवजी वजन हे माप धरले. कबुतराला आधी काही दिवस हवे तेवढे खाऊ द्यायचे. त्याचे वजन स्थिर झाले की ते लिहून ठेवायचे. मग रोजचे दाणे बेताने देऊन वजन त्याच्या सुमारे ८० टक्क्यांवर आणायचे आणि तेथेच ठेवायचे. पूर्ण पोटी कबुतर ५०० ग्रॅमचे असेल तर प्रयोगाच्या काळात ते ४०० ग्रॅमचे राहील. रोज तराजूवर ठेवून ही गोष्ट तपासतात.

हे वाचून कबुतराची कीव येणे स्वाभाविक आहे. पण १९९० मध्ये काही संशोधकांनी एक उलटी तपासणी केली. बाहेर मोकळी उडणारी कबुतरे पकडून त्यांनी आधी त्यांचे वजन केले आणि मग त्यांना पिंजऱ्यात हवे तेवढे दाणे दिले. कबुतरांची वजने चांगलीच वाढली. म्हणजे पिंजऱ्यातले 'पूर्ण वजन' हे मोकळ्या पाखराच्या मानाने अंमळ लठ्ठपणाचे वजन असते. कोणत्याही टक्केवारीपुढे 'कशाचे टक्के?' हा प्रश्न विचारावा, तो यासाठी.

भुकेचा परिणाम काय होतो? भुकेले कबुतर झपाट्याने टोचते. पोट भरत आले की टोचा कमी होतात. पण कागदावरची रेघ नीट पाहिली तर एक मौज दिसते. ठरावीक संख्येने टोचा मारल्यावर दाणा मिळत असेल, तर पोट भरत आलेला प्राणी हळूहळू टोचत नाही. तो मधे जास्त वेळ थांबतो. पण एकदा सुरुवात केली की बहुधा पूर्वीच्याच वेगाने काम पुरे करतो. अभ्यासाला बसायला कंटाळणारा, पण एकदा बसला की झपाट्याने गणिते सोडवणारा मुलगा तुमच्या वर्गात असेलच!

विसरणे ओळखण्याची युक्ती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टोचा कमी झाल्या तर धडा पुसला गेला असे म्हणावे काय?

युक्ती अशी. कबुतराला एक नव्हे, दोन गोष्टी शिकवायच्या. चकतीमागे तांबडा दिवा असेल तेव्हा टोच मारली तर दाणा मिळतो. हिरवा दिवा असेल तेव्हा कितीही टोचले तरी काही मिळत नाही. काही दिवसांत कबुतर तांबड्यावर टोचते आणि हिरव्याकडे दुर्लक्ष करते. हा भेद ओळखणे म्हणजेच त्याचा धडा.

समजा, भुकेल्या कबुतराने एका मिनिटात तांबड्यावर ६० आणि हिरव्यावर ६ टोचा मारल्या. त्याला थोडे खाऊ घातल्यावर तांबड्यावर २० आणि हिरव्यावर २ झाल्या. एकूण टोचा ६६ वरून २२ वर आल्या. पण दोन्ही वेळा शंभरातल्या सुमारे ९१ टोचा तांबड्यावरच होत्या. धडा जागच्या जागी आहे. फक्त तो करून दाखवण्याची घाई उरलेली नाही.

आता समजा, दुसऱ्या दिवशी कबुतराला एक औषध टोचले आणि तांबड्यावर ३०, हिरव्यावर २० असा हिशेब आला. एकूण टोचा ५०, म्हणजे कालच्या २२ पेक्षा कितीतरी जास्त. कबुतर 'उत्साही' दिसेल. पण तांबड्याचा वाटा ९१ वरून ६० टक्क्यांवर घसरला. येथे बिघाड भुकेत किंवा अंगातल्या शक्तीत नाही, भेद ओळखण्यातच आहे. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. परंतु हिशेबाची रीत प्रयोगशाळेतलीच आहे.

सर्पगंधेचा प्रश्न

पक्ष्यांना औषधे टोचून पाहण्याची वेळ का आली, याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडेपणा व रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो, असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन आलेले अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. डॉ. वकील यांना या कामाबद्दल १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

रेसर्पिन दिलेला माणूस किंवा प्राणी शांत होतो. त्याच सुमारास क्लोरप्रोमझिन हे दुसरे औषध मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. तेही शांत करते. पण शांत म्हणजे काय? झोप आली म्हणून शांत? भीती गेली म्हणून शांत? की पूर्वी शिकलेले काही आठवेना म्हणून शांत? औषधाचा रक्तदाबावरचा परिणाम यंत्राने मोजता येतो. मनावरचा परिणाम मोजायला यंत्र कोठून आणायचे? तेव्हा औषधशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की स्किनर यांची कबुतराची पेटी हेच असे एक यंत्र आहे.

एक औषध, दोन परिणाम

हे प्रथम नीट करून दाखवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातले पीटर ड्यूज. त्यांचा १९५५ मधला प्रयोग आजही आवर्जून सांगितला जातो.

ड्यूज यांनी कबुतरांना दोन प्रकारच्या 'नोकऱ्या' दिल्या. पहिली नोकरी महिनेवारी पगारासारखी. दाणा मिळाल्यापासून १५ मिनिटे काही मिळायचे नाही; १५ मिनिटे झाल्यावर जी पहिली टोच पडेल तिला दाणा. मधल्या टोचा फुकट. अशा वेळी कबुतर सुरुवातीला स्वस्थ राहते, मग अधूनमधून टोचू लागते आणि वेळ भरत आली की भराभर टोचते. कागदावरची रेघ हळूहळू वळत वर चढते. अशा अनेक कमानी शेजारीशेजारी आल्या की घोलवडच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या नक्षीदार शिंपल्याच्या कडेची आठवण व्हावी.

दुसरी नोकरी नगावर मजुरी मिळावी तशी. दर ५० टोचांना एकदा दाणा, मग त्याला कितीही वेळ लागो. येथे कबुतर दाणा खाल्ल्यावर थोडे थांबते आणि मग एका दमात ५० टोचा मारते. कागदावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी रेघ उमटते.

मग ड्यूज यांनी कबुतरांना पेंटोबार्बिटल टोचले. हे झोप आणणाऱ्या औषधांच्या गटातले औषध. अगदी कमी मात्रेत फारसे काही घडले नाही. फार जास्त मात्रेत दोन्ही नोकऱ्यांतली टोचाटोच थंडावली. यात नवल नाही. नवल घडले ते मधल्या मात्रांना. त्या मात्रेत महिनेवारी पगाराच्या नोकरीतल्या टोचा कमी झाल्या, तर नगावरच्या मजुरीतल्या टोचा वाढल्या!

या निकालाचा अर्थ नीट लक्षात घ्या. औषधाने केवळ गुंगी आली असती तर दोन्हीकडे टोचा कमी झाल्या असत्या. भूक मेली असती तरीही दोन्हीकडे कमी झाल्या असत्या. भूक वाढली असती तर दोन्हीकडे वाढल्या असत्या. दाणे तेच, चकती तीच, औषध तेच, मात्रा तीच. वेगळे होते ते फक्त एक: कबुतराने आधी काय शिकले होते ते. म्हणजे 'पेंटोबार्बिटल कबुतराला मंद करते की चपळ?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणते काम करणाऱ्या कबुतराला?' असे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

पुढे १९५८ मध्ये ड्यूज यांनी मेथअँफेटामिन या उत्तेजक द्रव्याचा अभ्यास केला. तेव्हा आणखी एक नियम दिसू लागला. जेथे टोचा मुळातच सावकाश चालल्या होत्या तेथे त्या वाढल्या. जेथे त्या आधीच जलद होत्या तेथे वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. 'उत्तेजक' म्हटलेले द्रव्य प्रत्येक काम जलद करत नाही. आणि नीट ध्यानात ठेवा, टोचा वाढणे म्हणजे अक्कल वाढणे नव्हे. परीक्षेच्या दिवसांत 'बुद्धी वाढवणारी' गोळी कोणी विकू लागला तर या कबुतराला आठवा. मेथअँफेटामिन तर व्यसन लावणारे घातक द्रव्य आहे.

धोत्र्याची गोष्ट

काही द्रव्ये मात्र वेगाबरोबर भेद ओळखण्याची शक्तीही बिघडवतात. रस्त्याकडेला उगवणारा धोत्रा तुम्ही पाहिला असेल. पांढरी किंवा जांभळी कर्ण्यासारखी फुले आणि काटेरी फळ. तो अत्यंत विषारी आहे. त्याचे बी चुकूनही तोंडात घालू नये. त्यात असलेल्या द्रव्यांपैकी एक म्हणजे स्कोपोलामिन. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन वापरतात. स्कोपोलामिन त्या निरोपाच्या वाटेत आडवे येते.

त्याची परीक्षा अशी घेतात. चकतीवर तांबडा रंग दाखवायचा. मग काही सेकंद अंधार. नंतर दोन चकत्या उजळतात, एक तांबडी आणि एक हिरवी. मघाशी दाखवलेला रंग जो टोचेल त्याला दाणा. शिकलेले कबुतर हे चांगले जमवते. स्कोपोलामिन दिल्यावर त्याच्या चुका वाढतात. मग ते रंग विसरते, की मुळात त्याने रंगाकडे नीट लक्षच दिलेले नसते? हे ठरवायला अंधाराचा काळ कमीजास्त करून पाहतात. चुका फक्त लांब अंधारानंतर वाढल्या तर दोष आठवणीचा मानावा. अंधार नसतानाही वाढल्या तर लक्षाचाही संशय घ्यावा. स्कोपोलामिनच्या बाबतीत पुष्कळदा दोन्हीकडे चुका वाढतात. म्हणून शास्त्रज्ञ 'आठवण गेली' असे एकदम म्हणून टाकत नाहीत.

१९६४ मध्ये डोनाल्ड ओव्हरटन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत तर आणखीच विलक्षण गोष्ट दाखवली. पेंटोबार्बिटलच्या अमलाखाली उंदीर एक वाट शिकले. औषध उतरल्यावर ती वाट त्यांना येईना. धडा पुसला गेला असे वाटले. पण पुन्हा औषध दिल्यावर ते त्याच वाटेने बरोबर गेले! धडा होताच; फक्त त्याचे दार औषधाच्या किल्लीने उघडत होते. पुढे या गोष्टीचा उपयोगच करून घेण्यात आला. औषध टोचले असेल तर डावी चकती, नुसते मिठाचे पाणी टोचले असेल तर उजवी, असे कबुतरांना शिकवतात. मग नवे औषध देऊन कबुतर कोणती चकती टोचते ते पाहतात. ते औषध जुन्या औषधासारखे 'वाटते' की नाही, याचे उत्तर कबुतर चोचीने देते.

भुकेले कबुतर आणि लॉटरी

मघाशी आपण म्हणालो की भुकेने धडा पुसला जात नाही, नुसता वेग बदलतो. पण भूक निवडीवरही परिणाम करू शकते. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात थॉमस झेंटॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा.

कबुतरापुढे दोन पर्याय होते. एक निवडला तर दर वेळी ३ गोळ्या नक्की. दुसरा निवडला तर पाचांतून एकदा १० गोळ्या आणि बाकी चार वेळा काहीच नाही. हिशेब करा. शंभर वेळा पहिला पर्याय घेतला तर ३०० गोळ्या. शंभर वेळा दुसरा घेतला तर सरासरीने २०० गोळ्या. शहाण्याने पहिला पर्याय घ्यावा. कमी भुकेल्या कबुतरांनी तोच घेतला. जास्त भुकेली कबुतरे मात्र दुसऱ्या पर्यायाच्या मागे लागली. ज्यांना गोळ्यांची गरज अधिक, तीच त्या गमावत होती.

माणसाला हे जसेच्या तसे लावता येणार नाही. तरी ज्याच्या घरात चणचण आहे त्यानेच लॉटरीचे तिकीट काढले, की 'हा मूर्ख आहे' असे म्हणण्यापूर्वी हे कबुतर आठवावे.

दुसरी भूक

आतापर्यंत आपण मोठ्या, धडधाकट पक्ष्याची काही काळाची भूक पाहिली. ती दाण्यांनी भागते आणि पक्षी पूर्ववत होतो. पण एक दुसरी भूक असते, वाढीच्या वयातली. तिचा हिशेब निराळा आहे.

झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला चिमुकला पक्षी आपल्याकडच्या मुनियांच्या कुळातला. ग्लासगोच्या संशोधकांनी २००६ मध्ये त्याच्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्लांना जन्मल्यावर पहिले २० दिवस निकस आहार मिळाला. नंतर त्यांना इतरांसारखेच चांगले अन्न दिले. पिल्लांनी मागे पडलेली वाढ भरून काढली. पण मोठेपणी त्यांना एक नवी गोष्ट शिकवली तेव्हा ज्यांनी वाढ अधिक घाईने भरून काढली होती, ते पक्षी शिकायला अधिक वेळ लावू लागले. २००५ मध्ये कावळ्याच्या कुळातील एका अमेरिकन पक्ष्यावर, स्क्रब-जेवर, असाच अभ्यास झाला. लहानपणी कमी पोषण मिळालेले पक्षी मोठेपणी जागा लक्षात ठेवण्यात मागे पडले. मेंदूचा जो भाग जागांची आठवण सांभाळतो, तोही त्यांच्यात लहान आढळला.

पहिल्या भुकेत धडा शाबूत असतो, करून दाखवणे बदलते. दुसऱ्या भुकेत धडा साठवण्याची जागाच तोकडी राहते, आणि नंतर कितीही दाणे टाकले तरी ती पुरती भरून येईलच असे नाही.

येथे आपण पुन्हा घोलवडला परत येऊ, कारण या भागाला या गोष्टीची ओळख पेटीतल्या कबुतरांवरून झालेली नाही. घोलवडशेजारच्या बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत का येत नाहीत, आली तर का टिकत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. 'मुलांना डोकेच नाही' हे सोपे उत्तर त्यांनी मानले नाही. मुले गुरे चारायला जातात, तर शाळा कुरणात नेली, तीच 'कुरणशाळा'. लहानग्यांसाठी शाळा त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोहोचला. या योजनेत पाटीपेन्सिलीइतकेच महत्त्व पूरक आहाराला आहे, हे लक्षात घ्या.

त्याच डोंगरपट्ट्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे, १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शाळांतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना सुरू झाली. शाळेतली खिचडी म्हणजे मुलांना वर्गात आणण्याचे आमिष, असे कोणी म्हणतात. दोन्ही भुकांचा विचार केला म्हणजे कळते, की ती आमिष नाही. पहिल्या भुकेवर ती त्याच दिवशीचा इलाज आहे. दुसऱ्या भुकेवरचा इलाज मात्र शाळेच्या आधी, बाळ आईच्या पोटात असल्यापासून करायला हवा.

शिक्षकांनाही यातून एक सूचना घेता येईल. फळ्यापाशी उभा राहून गप्प राहणारा विद्यार्थी शिकलेलाच नाही, असे एकदम ठरवू नये. तो उपाशी आला असेल, तापाच्या गोळीने गुंगीत असेल, किंवा प्रश्न ओळखीच्या रूपात समोर आला नसेल. एकदा विचारून निकाल देऊ नये. वेळ बदलून, प्रश्न बदलून पुन्हा विचारावे. कबुतराच्या बाबतीत शास्त्रज्ञ एवढी काळजी घेतात; मुलांच्या बाबतीत आपण कमी का घ्यावी?

करून पाहा

घरी किंवा शेजारी कोंबड्या असतील तर हा प्रयोग करा. कोणत्याही पक्ष्याला उपाशी ठेवायचे नाही आणि औषध तर मुळीच द्यायचे नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० पासून आहे, आणि प्रयोगशाळांनाही प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवानगी घ्यावी लागते.

१. घरच्यांच्या संमतीने रोजच्या दाण्यांपूर्वी दहा दिवस घंटी वाजवा. दिवसात इतर एखाद्या वेळी वाटी वाजवा, पण तेव्हा दाणे टाकू नका.

२. अकराव्या दिवसापासून पाच दिवस नोंद करा. रोजच्या दाण्यांपूर्वी घंटी वाजवल्यावर एका मिनिटात किती कोंबड्या आल्या? वाटी वाजवल्यावर किती आल्या?

३. दाणे खाऊन झाल्यावर अर्ध्या तासाने हेच पुन्हा करा. घंटीनंतर थोडे दाणे टाकायला विसरू नका.

४. चार रकान्यांचा तक्ता करा. आलेल्या कोंबड्यांची संख्या आणि एकूण येण्यांत घंटीचा वाटा, अशी दोन्ही उत्तरे वेगवेगळी काढा.

विचार करा

१. खाल्ल्यानंतर कमी कोंबड्या आल्या, पण घंटीचा वाटा तेवढाच राहिला. यावरून काय म्हणता येईल?

२. वाटीचा आवाज प्रयोगात कशासाठी ठेवला आहे? तो नसता तर कोणती चूक झाली असती?

३. ड्यूज यांनी कबुतरांना एकच नोकरी दिली असती, तर पेंटोबार्बिटलबद्दल त्यांचा कोणता चुकीचा समज झाला असता? दोन्ही नोकऱ्यांसाठी वेगवेगळी उत्तरे लिहा.

४. 'रोज जेवणापूर्वीच्या तासाला गणितात कमी गुण मिळतात, म्हणजे मुलांना गणित येत नाही,' या विधानाची परीक्षा तुम्ही कशी घ्याल?

उत्तरे आपसांत ताडून पाहा. ती जुळली नाहीत तर वाद घालण्यापूर्वी पुन्हा अंगणात जा आणि घंटी वाजवा.